सोवळ्यातला संगणक

आमची आजी सोवळ्याची कडक. पण दम्याचे डॉक्टरी औषध ती सोवळ्यातही घेई, आणि कुणी डिवचलेच तर शांतपणे म्हणे, "घेते हो. श्वास नको का?" तिची आठवण मला संगणकापाशी बसून यावी, हा योग विलक्षणच!

२०१९ साली एक माजी विद्यार्थी शाळेचे जुने लॅपटॉप मार्गी लावायला आला. त्यांवर तो ‘डेबियन’ घालू लागला. ही प्रणाली १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक घडवीत आले आहेत. ती कुणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. १९९७ साली त्यांनी समाजाला तसा करारच लिहून दिला. मी मॅट्रिक झालेला माणूस. पण विद्या कुलपात ठेवू नये, हे कळायला मास्तराला पदवी लागत नाही.

आणि नेमके काम अडले. वायफायला जाग यायला कंपनीची एक लहानशी आज्ञावली लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती बंद, म्हणून अधिकृत संचात नाही.

"मग रे आता?"

"सर, दुसरा संच असतो. त्यात घातलेली असते. पण तो अनधिकृत."

"करतं कोण तो?"

"हीच माणसं!"

म्हणजे देवघरात एक आणि परसदारी एक! तडजोडीपेक्षा तिचे हे संकोचणे मला अधिक खटकले. गंमत अशी, की हीच बंद आज्ञावली कारखान्यातच चिपमध्ये कोरलेली असती, तर तिचा विटाळ कुणालाच झाला नसता.

२०२२ साली डेबियनवाल्यांनी हा वाद चव्हाट्यावर घेतला. एक मुद्दा माझ्या मनात रुतून बसला आहे. अंध माणूस संगणकाचा आवाज ऐकत प्रणाली बसवितो. पण काही यंत्रांत आवाजालाच बंद फर्मवेअर लागते. त्याला तत्त्व सांगायचे कसे? ते त्याला ऐकूच येणार नाही. मतदान झाले, करारात दुरुस्ती झाली, आणि फर्मवेअर अधिकृत संचात आले.

विरोधकांना मी मात्र हट्टी म्हणणार नाही. लिनक्सच्या कर्त्यांनी २००२ साली सोयीसाठी ‘बिटकीपर’ हे बंद साधन पत्करले. २००५ साली फुकट वापराची मुभा गेली, आणि टोरवाल्ड्सना घाईघाईने ‘गिट’ लिहावे लागले. शिवाय सारे सुरळीत चालू लागल्यावर कंपन्यांकडे कुलपाची किल्ली मागणार कोण?

२०२३ साली तोच विद्यार्थी नवे डेबियन घेऊन आला. वायफाय पहिल्याच फटक्यात लागले. कोणते बंद फर्मवेअर घातले, हे त्याने मुलांना पडद्यावर दाखविले.

सातवीतल्या एका मुलीने विचारले, "यातलं सगळं उघडून बघता येतं?"

"सगळं. एवढं सोडून."

"एवढंच का नाही?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मधल्या सुट्टीची घंटा झाली. पण पोरगी काही जागची हलेना.