धुराड्याचा वाटा

त्याग पोट भरल्यावर करायचा की आधी? गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला यज्ञ आला की आमच्या मंडळात हा वाद हमखास होतो. मी पॉलिटेक्निकमध्ये थर्मोडायनॅमिक्स शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे यज्ञ म्हटलं की मला वेदीच्या आधी वाफेच्या इंजिनाचं धुराडं दिसतं. मंडळी हसतात, हसू देत.

सिलिंडरातलं काम उरकून बाहेर पडणारी वाफ चांगलीच गरम असते. ती हवेत सोडताना काटकसरी माणसाचा जीव तुटणारच. त्यातून फीडवॉटर हीटर आला. बॉयलरमध्ये जाणारं पाणी त्याच वाफेवर आधी तापवून घ्यायचं. पाणी सहा अंशांनी तापलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं. मग सगळीच वाफ का घेऊ नये? हिशेब करून पाहा. १५ अंशांचं पाणी १०० च्या जवळ न्यायला त्या वाफेचा सातवा-आठवा हिस्सा पुरतो. धर्मशास्त्रानं राजाला दिलेल्या षष्ठांशाहूनही कमी! त्यापुढे कितीही वाफ घ्या, पाणी काही आणखी तापत नाही. उरलेली वाफ धुराड्यातून जोरात सुटते, सोबत भट्टीतला धूर खेचून नेते, आणि त्या ओढीनं जाळीखालून ताजी हवा कोळशात शिरते. ती वाफ अडवली तर आगच मंदावेल. म्हणजे जे सोडलं, त्याच्याच जोरावर पुढची वाफ तयार होते. ‘आधी साठवू, उरलं तर देऊ’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे.

इटलीच्या आत्तिलिओ फ्रांको आणि पिएरो क्रोस्ती यांनी तर धुरातली उष्णताही पाण्यासाठी वापरली. याला मी लोभ म्हणणार नाही. कोळसा परदेशातून आणणाऱ्या देशाची ती गरज होती. पण घरचा कोळसा असलेल्या ब्रिटिश रेल्वेनंही १९५५ मध्ये क्रू इथं ९एफ वर्गाची दहा इंजिनं, ९२०२० ते ९२०२९, या पद्धतीनं बांधली. धूर फार थंड झाला की त्यातल्या गंधकाचं आम्ल बनून पत्र्यावर साचतं. इथं तेच झालं, धुरावर पाणी तापवणारे प्रीहीटर गंजू लागले. बाजूला काढलेल्या धुराड्याचा धूर चालकांना छळायचा तो वेगळाच. बचतही अपेक्षेइतकी झाली नाही. अखेर दहाही इंजिनांचे प्रीहीटर बंद करण्यात आले, आणि पुढे ती साध्या बॉयलरवरच मालगाड्या ओढत राहिली.