दुःखाचे चित्र आणि संमती

दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांचे हाल जगापुढे यावेत म्हणून एखादी समाजसेवी संस्था समाजमाध्यमांसाठी चित्रफीत तयार करते. हेतू चांगला, यात शंका नाही. तथापि उसाच्या फडात पाचटावर निजलेल्या मुलाचा चेहरा दाखविण्याचा अधिकार संस्थेस कोणी दिला? आईची संमती होती, असे उत्तर मिळेल. परंतु जिच्या डोक्यावर उचलीचे ओझे आहे आणि जी समोरच्या माणसाकडून मदतीची आशा धरून आहे, तिच्या होकारास संमती म्हणावे काय? मनुष्यास केवळ साधन मानू नये, हा कांटचा सिद्धांत आम्ही वर्गात शिकवितो. तो परोपकार करणाऱ्यासही लागू आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

मग मुकाट बसावे काय? तसे नव्हे. २०१६ साली स्थापन झालेल्या पाणी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धेच्या वेळी चित्रफितींचाच आश्रय केला. पण समतल चर कसा खणावा, माती कशी अडवावी, हे गावकऱ्यांस शिकविण्यासाठी. (स्पर्धेचा गाजावाजा थोडा अधिक झाला, ही गोष्ट निराळी.) तेथे ज्याच्या कामाचे चित्र, तोच त्याचा प्रेक्षक होता. फडातील त्या बाईस आपली फीत गावच्या पारावर, चार सोयऱ्यांदेखत, मान खाली न घालता पाहता येईल काय, हे आधी तिलाच विचारावे. ती नको म्हणाली, तर पुसून टाकावी. देणग्या कमी येतील, हे उघड आहे.