षष्ठीचे पाऊणपट

वडवणी

चि. ताईस,


तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत होतो. त्या घरघरीत धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही पाचजणी मिळून डिसेंबरात घारापुरीला जाणार, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, याला माझी काही हरकत नाही. पैसेही देतो. पण "गाईड कशाला आबा, सगळं मोबाईलवर आहे," असं तू म्हणालीस ना, तिथं माझी गाडी अडली. त्या बेटावर मी एक आख्खा दिवस काढलेला आहे. तू तेव्हा सहावीत होतीस, तुला आठवायचं नाही.

२०१८ साल. औंदासारखं पाणी नव्हतं. ऑक्टोबर सरता सरता सरकारनं दुष्काळ जाहीर केलेला, गल्लीत टँकर यायचा आणि त्याच्या पाईपापाशी भांडणं व्हायची. मी माझ्या हिशेबाच्या कागदांसाठी मुंबईला एका कचेरीत गेलो होतो. साहेब रजेवर, उद्या या. हे 'उद्या' म्हणजे नेमकी चंपाषष्ठी. घरी तुझी आजी भरीत-रोडग्याचा नैवेद्य करणार, तळी उचलली जाणार, आणि मी एकटा मुंबईत पिशवी सांभाळत. आणि साहेब दुसऱ्या दिवशीही नव्हते हे मला सकाळी लवकरच कळलं. मग पाय नेतील तिकडं चालत गेट वे ऑफ इंडियाला पोचलो आणि नऊच्या लाँचमध्ये बसलो. तीस वर्षं कंडक्टरकी केली, पण फुकट गेलेला दिवस असा वापरायची अक्कल त्याआधी कधी सुचली नव्हती.

शेजारी घारापुरीचाच एक माणूस होता, बटाट्याची गोणी घेऊन घरी चाललेला. लाँचमागं पांढऱ्या पाखरांचा थवा लागला होता आणि पोरं त्यांच्याकडं कुरकुरे फेकत होती. मीही दोन मागून घेतले. त्यानं माझा हात धरला. "नको काका, ते मासे खानारे आहेत." ते कुरव. त्यांतले तपकिरी डोक्याचे उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या सरोवरांवर अंडी घालतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्याला येतात. हिवाळ्यात मात्र डोकं तपकिरी नसतंच, डोळ्यामागं एक काळा ठिपका तेवढा उरतो. हे त्यानं सांगितलं म्हणून मला दिसलं. नाहीतर माझ्या लेखी ती सगळी कबुतरंच होती.

हा माणूस लोकांना बेट फिरवायचा. मला म्हणाला, "लेनी दाखवू का बेट दाखवू?"

मी म्हटलं, फरक काय?

"लेनी दुपारपर्यंत कुठं जात नाय. पानी चाललंय."

आता हे नीट वाच. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, हे तू शाळेत शिकलीस. पण आज ती कितीला, हे कसं काढायचं? मुंबईच्या किनाऱ्याला कोळी-आगरी लोक तिथी घेतात आणि तिचे पाऊणपट करतात. त्या दिवशी षष्ठी. सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती, पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्यात सहा तास मिळवले की साडेदहा-पावणेअकराला ओहोटी. पुनवेला आणि अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. त्या दिवसांतलं पाणी जोराचं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, त्याला भांग म्हणतात. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी पुढं सरकते. मी चकितच झालो. आयुष्यभर पंचांग पाहिलं ते चतुर्थी-एकादशी आणि लग्नाच्या तारखांसाठी. त्यात समुद्राचं वेळापत्रक लिहिलेलं आहे हे वडवणीत कोण सांगणार आणि सांगून करायचं तरी काय?

आम्ही दहाला शेतबंदराच्या धक्क्याला लागलो. सगळे लेण्यांच्या पायऱ्यांकडं गेले, तिथं खेळण्यातल्यासारखी छोटी आगगाडीही आहे. आम्ही दोघं मात्र किनाऱ्यानं बाजूला वळलो. पाणी उतरलं होतं आणि बेटाभोवती चकचकीत काळा चिखल उघडा पडला होता. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. पाणी गेलं की तळ कसा दिसतो, ते आपल्याकडं तलावावर आपण पाहतच होतो त्या वर्षी. मी तसं बोललो. तो म्हणाला, "आता उभं ऱ्हा. दहा मिनिटं हलायचं नाय."

दहा मिनिटं काय असतात ते एस.टी.त समजतं. तीन मिनिटांत माझे गुडघे बोलायला लागले. समोर नुसता चिखल. मग एका ठिकाणी चिखलाचा डोळा उघडला. खरंच सांगतो. डोक्यावर बसवलेले दोन बटबटीत डोळे, आणि मागून बोटभर मासा कल्ल्याजवळच्या परांवर रेटत बाहेर आला. मासा, आणि चालतोय! त्यांना निवट्या म्हणतात. अंग ओलं आहे तोवर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओल्या भागातून श्वास घेतात, म्हणून मधूनमधून चिखलात लोळतात. दोन निवट्या समोरासमोर आल्या, पाठीवरचे पंख ताठ केले आणि दोन म्हाताऱ्यांनी बांधावरून भांडावं तशा तोंड वासून थांबल्या. मग बिळाबिळातून खेकडे निघाले, नखाएवढे. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, दुसरी जेमतेम. ती मोठी नांगी वर-खाली, वर-खाली. बघता बघता सगळा चिखल हात हलवायला लागला. मी शिंकलो आणि क्षणात मैदान रिकामं! पुन्हा दहा मिनिटं.

मोबाईलवर निवटीचा फोटो मिळेल, माहितीही मिळेल. पण दहा मिनिटं उभं राहा असं मोबाईल सांगत नाही. सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस, दुसरंच काही उघडशील. (रागावू नकोस, मीही तेच करतो.)

कडेला तिवरांची झाडं. त्यांच्याखाली जमिनीतून हजारो बोटं वर आलेली, खळ्यात मेखा ठोकाव्यात तशी. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वासाला वर येतात. मी एका मुळावर पाय देणार तोच त्यानं थांबवलं. मग एक पान पुढं केलं, "चाटा." माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं, कारण आधी त्यानं स्वतः चाटलं. खारट! झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं. आपल्या कापसावर मावा पडला की पान चिकट गोड लागतं, ते आठवलं. पुढं एक कांदळ होता. त्याच्या शेंगेसारख्या लांब कोंबांकडं बोट दाखवून तो म्हणाला, याचं बी झाडावरच रुजतं आणि कोंब वाढला की खाली सुटतो. आपल्याकडं ओल नाही म्हणून बी रुजत नाही, इथं पाणी जास्त म्हणून आईच सोडत नाही.

चालता चालता तो गावाचंही सांगत होता. उरण तालुक्यातलं हे गाव, मुंबईचे दिवे रोज समोर दिसायचे, पण समुद्राखालून केबल टाकून बेटावर वीज आली ती त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या. विजेचं सांगताना त्याचा आवाज बदलला होता. मी आपल्या टँकरचं सांगितलं. काही वेळ दोघंही गप्प चाललो.

टेकडीवर दोन जुन्या तोफा आहेत, तिथवर चढलो. करंज, ताड, चिंच. वरून न्हावाशेव्याच्या क्रेना, तेलाची जहाजं, आणि उत्तरेला ठाण्याच्या खाडीचा अंदाज. त्या खाडीत रोहित पक्षी येतात, जायकवाडीलाही उतरतात तेच. उतरताना मी त्याचं एक ऐकलं नाही. तो म्हणाला होता पिशवी पुढं धरा. पायऱ्यांवर एका माकडानं आजीच्या दशम्या चटणीसकट पळवल्या आणि समोर बसून, एकेक उलगडून, वास घेऊन खाल्ल्या. चटणीला मात्र त्यानं हात लावला नाही.

लेणी तू बघच, त्यावर मी काय लिहू? सदाशिवाच्या तीन मुखांपुढं पुष्कळ लोक उभे होते, मीही राहिलो. पण तिथं खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे आणि मी त्याच्यापाशीच जास्त वेळ रेंगाळलो. दुष्काळातला माणूस, दुसरं काय. बेटाच्या इंग्रजी नावातला दगडी हत्ती आता तिथं नाही. १८६४ साली इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला. जोडून मुंबईत राणीच्या बागेत ठेवलाय, परतताना वेळ असेल तर बघा.

चारला धक्क्यावर आलो तर सकाळचा चिखल नाहीसा झालेला. त्या हजारो बोटांवर पाणी उभं, तिवरांचे नुसते शेंडे बाहेर. सकाळी मी जिथं उभा होतो ती जागा मला सापडेना. मी विचारलं तेव्हा तो हसला, "सकाळी परत दिसेल की."

ताई, तुला एक आठवण देतो. तू सातेक वर्षांची असताना आपल्या माळावर, वरच्या बांधाशी, मी तुझं मनगट असं ओढलं की तू रडलीस. तुझ्या पायाखाली टिटवीची चार अंडी होती, खड्यांत खड्यांसारखी. तू म्हणालीस, आबा, तुम्हाला कशी दिसली? मला ती दिसली नव्हती. टिटवी कुठून ओरडतेय आणि कुठं पंख पाडून लंगडल्याचं सोंग करतेय ते मला माहीत होतं, एवढंच. घारापुरीच्या त्या माणसाला तसा तो चिखल माहीत होता. तिथं तो नसेल तर दुसरा कुणी गावातला असेल.

तर असं कर. तारीख ठरली की तिथी कळव, पाऊणपट मी करून ठेवतो. सकाळी ओहोटी पडेल असाच दिवस धरा, षष्ठी-सप्तमीच्या आगेमागे. सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. चिखलात उतरायचं नाही, कडेनंच उभं राहायचं. आजी दशम्या देईल, त्या पिशवीच्या तळाशी आणि चटणी वर ठेवा. पाचशे रुपये वेगळे पाठवले आहेत, ते वाटाड्याचे. त्यातून भेळ खाऊ नका.

तुझा,
आबा