न मागता मिळालेली जागा



परदेशाहून दोन-तीन विमाने बदलत घरी येणाऱ्या साध्या तिकिटाच्या प्रवाशाला कधी अचानक पुढच्या, प्रशस्त वर्गात बसवतात. बहुधा मागच्या जागा भरलेल्या असतात, एवढेच कारण. तरी आपण त्याला आपली योग्यता समजू लागतो.

लूकच्या शुभवर्तमानात (१४:७-११) येशू शेवटच्या जागी बसायला शिकवतो. वर बोलावणे यजमानाच्या हाती. पित्याच्या घरी निघालेल्या आपणा सर्वांचे तिकीट साधेच आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर कारखान्यांवरून परततात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बिऱ्हाडावर बसून. मिस्साला आली की दाराशीच टेकतात. त्यांना पुढे कोण बोलावणार? त्या रविवारी आपण उठू या आणि पुढचा बाक त्यांना देऊ या. आपल्यालाही तो कृपेनेच मिळाला आहे.