मुक्या जिवाचे पाणी

ज्याला बोलता येते त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून माणसाची परीक्षा होते. परंतु ज्याला बोलता येत नाही आणि जो सर्वस्वी आपल्या हाती आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून ती परीक्षा पुरी होते. गाय हंबरते, कुत्रा दाराशी केकाटतो, पोपट पिंजऱ्याच्या तारांवर चोच आपटतो. मासा मात्र काहीच म्हणत नाही. तो गुदमरत असला तरी पाहणाऱ्याला वाटते, की तो खेळतो आहे. म्हणूनच दिवाणखान्यातील काचेच्या गोल भांड्यात फिरणाऱ्या गोल्डफिशच्या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो : जो जीव आपण केवळ आपल्या आनंदासाठी घरी आणला, त्याचे आपण काय देणे लागतो?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. एवढ्याशा माशासाठी नीतिशास्त्राची पाने कशाला उलटायची, असेही कोणी म्हणेल. परंतु लहान गोष्टीत माणसाचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो. कारण तेथे त्याला जाब विचारणारे कोणी नसते.

प्रथम हा जीव कोण, ते पाहू. गोल्डफिश हा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा दूरचा नातलग. हजार वर्षांपूर्वी, चीनमध्ये सुंग घराण्याच्या काळात, करड्या रंगाच्या साध्या माशांमध्ये क्वचित एखादा लालसोनेरी मासा निपजे. असे वेगळ्या रंगाचे मासे मारून न खाता बौद्ध मठांच्या तळ्यांत सोडून देण्याची प्रथा होती. म्हणजे या माशाची कुळकथा मुळात दयेच्या एका कृतीपासून सुरू होते. पुढे मिंग राजवटीत तो तळ्यातून घरातल्या भांड्यांत आला. लांब शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे, गोल पोटाचे प्रकार माणसाने निवडून निवडून तयार केले. सतराव्या शतकात तो युरोपात पोहोचला. आज ज्याला आपण गोल्डफिश म्हणतो, तो पुष्कळ अंशी माणसाच्या आवडीने घडवलेला जीव आहे. ज्याला आपणच घडवले, त्याच्याविषयी ‘निसर्ग पाहून घेईल’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

हा मासा दोन बोटांएवढा राहतो आणि सहा महिन्यांत मरतो, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो आणि साधा, लांब शरीराचा प्रकार वीतभर किंवा त्याहूनही मोठा होतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा एक गोल्डफिश १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन मेला. तेव्हा आपल्या घरात जो सहा महिन्यांत मरतो, तो आयुष्य संपले म्हणून मरत नाही. बहुधा तो पाण्याने मरतो.

पाण्याने मासा कसा मरेल? येथे थोडे विज्ञान समजून घ्यावे लागते. मासा आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तळ्यात किंवा नदीत तो विरून जातो. तीन-चार लिटरच्या भांड्यात तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळू लागतो. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. ते रक्तात मिसळले, की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे पुष्कळच सौम्य असते. हे जिवाणू खडे, वाळू आणि गाळणयंत्रातील स्पंज यांवर वस्ती करतात. परंतु ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण सकाळी भांडे आणि मासे एकदमच विकत घेतो, संध्याकाळी पाणी भरून त्यात मासे सोडतो. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसते, आणि त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात विष साठू लागते.

प्राणवायूचेही तसेच. पाणी वरच्या पृष्ठभागातून प्राणवायू घेते. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले, की नेमका तोच पृष्ठभाग अरुंद होतो. शिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एका लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो. ३० अंशांना साडेसातच्या आसपास. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा. कोकणातला मे महिना त्याला आधीच जड जातो. तो वर येऊन ओठ हलवू लागतो तेव्हा मुले म्हणतात, ‘बघा, पापी देतोय!’ खरे तर तो श्वासासाठी तडफडत असतो.

मग घरातली माऊली काय करते? पाणी गढूळ झाले, की मासा पेल्यात काढते, भांडे साबणाने घासून लख्ख करते आणि नळाचे ताजे पाणी भरते. तिच्या मनात माया आहे, यात शंका नाही. परंतु त्या घासण्याने उपकारक जिवाणू धुऊन जातात, साबणाचा अंश मागे राहतो, नळाच्या पाण्यातील क्लोरिन कल्ल्यांना झोंबतो आणि तापमानातील एकदम झालेल्या फरकाने मासा हबकतो. मायेच्या त्याच हाताने मासा दगावतो. या साऱ्या प्रकरणातील नैतिक गाठ मला येथे दिसते. प्रेम पुरेसे नसते. ज्याच्यावर प्रेम करायचे, त्याला काय हवे हे जाणून घेण्याचे कष्टही प्रेमाचाच भाग असतात. जे प्रेम विचारपूस करीत नाही, ते स्वतःच्याच समाधानाभोवती फिरत राहते.

‘आम्हांला ठाऊक नव्हते,’ असे आपण म्हणतो. नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, जे माणसाला कितीही प्रामाणिक प्रयत्न करून दूर करता आले नसते; त्याचा दोष त्याच्या माथी येत नाही. दुसरे, जे थोड्या चौकशीने दूर झाले असते, पण चौकशी करण्याची तसदीच घेतली गेली नाही. ते अज्ञान निर्दोष नसते. गोल्डफिशविषयीचे आपले अज्ञान दुसऱ्या जातीचे आहे. फ्रिज घेताना आपण दहा दुकाने हिंडतो, हमीपत्र वाचतो. जीव विकत घेताना एकही प्रश्न विचारत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की माशाला कसली आली आहे वेदना? त्याची स्मरणशक्ती म्हणे तीन सेकंदांची! ही तीन सेकंदांची गोष्ट निव्वळ भाकडकथा आहे. गोल्डफिशला खाद्याची वेळ आणि खूण शिकवता येते आणि शिकवलेले तो कित्येक आठवडे लक्षात ठेवतो. इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू ट्राउट माशाच्या डोक्यात असल्याचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. ती जाणीव माणसाच्या वेदनेसारखी असते काय, यावर शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत. परंतु जुन्या नीतिशास्त्रातील शिकाऱ्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. झुडपामागे हललेले ते हरीण की माणूस, याची खात्री नसेल तर शिकाऱ्याने बाण सोडू नये. मासा आणि माणूस यांची बरोबरी येथे करायची नाही. घ्यायचे आहे ते एवढेच, की संशय असताना, आणि सावध राहण्याची किंमत फारशी नसताना, सावध राहणे हेच कर्तव्य ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेजारी माणसे अर्धपोटी असताना माशांचे लाड कशाला? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात ठेवल्या आहेत : प्राण्यांना विनाकारण दुःख देणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही; आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा प्राधान्याने लागायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. मग यातून मार्ग कोणता? स्वस्तातले भांडे हा मार्ग खचित नव्हे. गोल्डफिश पाळलाच पाहिजे, असे बंधन कोणावरच नाही. त्याची नीट व्यवस्था परवडत नसेल, किंवा तो खर्च मनाला पटत नसेल, तर मासा आणू नये. काटकसर करायचीच असेल तर ती आपल्या हौसेत करावी. त्याच्या श्वासात करू नये.

‘समुद्रातील मासे’ हे शब्द उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माणसाला मिळालेल्या सत्तेच्या यादीत अग्रभागी येतात. परंतु त्याच ग्रंथात पुढे नोहाची कथा आहे. परमेश्वराने त्याला तारू बांधायला सांगितले ते मोघम नव्हे : लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात, शिवाय सर्वांना पुरेल इतके अन्न. आत कोण राहणार आहे, हे पाहून तारवाची मापे ठरली. आपल्या भांड्याचे माप मात्र टीपॉय केवढा आहे, यावरून ठरते. सत्ता आणि जबाबदारी यांतील अंतर एवढ्यावरून मोजता येईल.

कायद्यालाही हे मान्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या भारताच्या १९६० च्या अधिनियमात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात वा पात्रात प्राण्याला कोंडणे हा त्या अधिनियमाने गुन्हा ठरवला आहे. इटलीतील मोंझा शहराने २००४ साली गोल्डफिशला गोल भांड्यात ठेवण्यावर बंदी घातली. दुसऱ्या वर्षी रोमनेही तसाच नियम केला. वक्र काचेतून माशाला जग वाकडेतिकडे दिसते, असे मोंझाच्या ठरावामागचे एक कारण सांगितले गेले. स्टीफन हॉकिंग आणि लेनर्ड म्लॉडिनोव यांनी २०१० सालच्या ‘द ग्रँड डिझाइन’ या पुस्तकात हा धागा उचलून विचारले, की आपणही अशाच एखाद्या भांड्यात नसू कशावरून? त्या प्रश्नाचा वैज्ञानिक अर्थ त्यांच्याकडेच राहो. नैतिक अर्थ आपल्या घरातला आहे : त्याच वक्र काचेतून आपल्यालाही मासा वाकडा दिसतो. त्याची तडफड आपल्याला खेळ वाटते.

आणखी एक वाकडी काच आहे. ‘मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले,’ असे म्हणणारी घरे आहेत, आणि त्यांत आपलीही आहेत. आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवा, काळा अरिष्ट शोषून घेतो, असा सल्लाही दिला जातो. असे मानणे सोयीचे असते. पाणी कोणी बिघडवले, हे मग विचारावे लागत नाही. आपल्या हलगर्जीपणाला बलिदानाचे नाव मिळते आणि दुसरा मासा आणला जातो. मुले हे सारे पाहत असतात. मेलेल्या जिवाच्या जागी संध्याकाळपर्यंत तसाच नवा जीव येतो, हे त्यांनी चार वेळा पाहिले, की जीव बदलून मिळणारी वस्तू असते, असा धडा आपण न बोलता शिकवलेला असतो.

तेव्हा पाळायचाच असेल तर काय करावे? एका गोल्डफिशला निदान ७०-८० लिटर पाण्याची, म्हणजे न्हाणीघरातील चार-पाच बादल्यांची, लांबट व रुंद तोंडाची टाकी द्यावी. मासा कळपात रमणारा आहे, म्हणून त्याला जोडीदार द्यावा, आणि त्या प्रत्येकासाठी आणखी चाळीसेक लिटर धरावे. साध्या लांब जातीला खरे तर तळेच हवे. गाळणयंत्र चोवीस तास चालू असावे. मासे आणण्यापूर्वी महिनाभर टाकी तयार करून जिवाणूंची वस्ती जमू द्यावी. दर आठवड्याला फक्त चौथाई पाणी बदलावे, तेही क्लोरिन काढलेले आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. गोल्डफिशला जठर नसते. म्हणून दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. टाकी उन्हाच्या खिडकीशी ठेवू नये.

आणि कंटाळा आला म्हणून त्याला बावखलात किंवा विहिरीत सोडू नये. ही दया नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहराने २०२१ साली आपल्या तळ्यात पकडलेल्या भल्यामोठ्या गोल्डफिशांची छायाचित्रे प्रसिद्ध करून नागरिकांना हेच विनवले होते. तळ उकरून तो पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि तेथल्या मूळच्या जिवांचे जगणे अवघड करतो. त्याऐवजी ज्यांना तो सांभाळता येईल, अशांच्या हाती तो द्यावा.

घरातील एखादे अंथरुणाला खिळलेले वृद्ध माणूस, बोलता न येणारे बाळ, दोन वेळच्या जेवणासाठी आपल्यावर अवलंबून असलेली मोलकरीण यांच्या गरजाही पुष्कळदा न बोललेल्याच असतात. माशाचे पाणी तपासायची सवय ज्या हाताला लागली, तो हात त्यांच्या उशालाही अधिक जाणतेपणाने जाईल, असे मला वाटते. येत्या नाताळात कोणा मुलाला मासा भेट द्यायचा विचार असेल, तर आधी त्याच्या आईवडिलांना विचारावे : दहा वर्षे याला पाणी द्याल का? उत्तर ‘हो’ आले, तर प्रथम टाकी द्यावी. मासा महिन्याभराने द्यावा.