मन उघडावे कोणापाशी?

अंगात ताप आला तर आपण लगेच डॉक्टरकडे धावतो. मनाचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे दडवून ठेवतो. एखादा धीर करून मानसोपचार करणाऱ्याकडे जातो आणि बसताच हात जोडतो, “साहेब, तुम्ही सांगाल तसं करतो.” ही शरणागती योग्य काय?

सज्जनहो, गुरूपुढे ती शोभते. येथे ती घात करते. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली या नात्याची तीन अंगे सांगितली : कोठे जायचे याविषयी एकमत, कोणत्या वाटेने जायचे याविषयी एकमत, आणि परस्परांतील विश्वासाचा बंध. तिन्हींना दोघे लागतात. झोप येत नाही म्हणून आलेल्याला उपचारक बालपणच विचारीत बसला, आणि हा भिडेपोटी गप्प राहिला, तर नाते वरून गोड, आतून पोकळ! अहो, “हे मला पटत नाही” असे खुशाल म्हणावे. उपचारकानेही रागावू नये. चुकले असेल तर कबूल करावे. असा रुसवा निघाला म्हणजे नाते उलट घट्ट होते.

मग विश्वासाला आधी पात्र कोणी व्हावे? ज्याच्या हाती दुसऱ्याचे मन आहे, त्याने. रुग्णाचे गुपित राखले जाणे हा त्याचा हक्क आहे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवेचा कायदाही सांगतो. जिवाला धोका असल्यास त्याला अपवाद आहे. तोही पहिल्याच भेटीत सांगून टाकावा. एवढे झाल्यावर दुखणेकऱ्यानेही आडपडदा ठेवू नये.

पाया पडणाऱ्याला हात धरून शेजारी बसवील, तो उपचारक खरा.