दान आणि मैदान

दानधर्माच्या पैशांतून खेळाचा संघ उभा करणें हा पैशाचा सदुपयोग कीं चैन, हा प्रश्न आमच्या पालघर-बोईसर भागास परका नाहीं. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्यापैकीं २ टक्के रक्कम समाजकार्यास लावणें भाग पडलें. त्या कार्यांच्या यादींत ग्रामीण खेळांचें शिक्षणही आहे. तारापूरच्या कारखान्यांभोंवतीं एकीकडे वारल्यांचे पाडे, दुसरीकडे परप्रांतांतून आलेल्या मजुरांच्या चाळी. अशा ठिकाणीं पोटांत भाकरी नसलेल्या मुलाच्या पायाशीं चेंडू ठेवणें ही थट्टाच नव्हे काय, असें कोणी विचारल्यास त्यास उडवून लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें आम्हांस ठाऊक आहेत. ग्लासगो शहरीं आयर्लंडांतून आलेल्या मजुरांचीं मुलें उपाशी राहत. त्यांस जेवण मिळावें म्हणून ब्रदर वॉल्फ्रिड या धर्मसेवकानें १८८७ सालीं सेल्टिक हा फुटबॉलचा संघ काढला. २८ मे १८८८ रोजीं त्याचा पहिला सामना झाला. प्रेक्षकांच्या पैशांतून मुलांच्या ताटांत अन्न पडावें, ही योजना थोर खरी. परंतु तींत खेळणारे निराळे आणि जेवणारे निराळे. १८९७ सालीं त्या संघाची मर्यादित कंपनी झाली. संघ आजही दानधर्म करितो. पण भागधारकांच्या सभेंत उपाशी मुलास जागा कोठली?

दुसरें उत्तर नागपूरचें. हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलें पावसांत मोडक्या बादलीस लाथा मारीत खेळतांना पाहिलीं व त्यांस चेंडू दिला. त्यांतून निघालेलें झोपडपट्टी फुटबॉलचें कार्य २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळें घरोघर ठाऊक झालें. येथें दान घेणारा तोच खेळणारा.

भाकरी आधीं, यांत वाद नाहीं. पण भाकरीपाशींच थांबणारी करुणा भुकेल्यास केवळ पोट समजते. दया त्यास सवलत देते. खेळ त्यास नियम देतो. पंच शिटी फुंकतो तेव्हां गरिबाच्या मुलाची चूक श्रीमंताच्या मुलाच्या चुकीइतकीच मोजली जाते, आणि त्याच क्षणीं तें मूल कोणाच्या उपकाराखालीं नसतें.

म्हणून अशा संघाची परीक्षा आम्ही चषकांवरून करणार नाहीं, किंवा गणवेशावर दात्याचें नांव केवढें छापलें आहे त्यावरूनही नाहीं. दहा वर्षांनीं त्याचा कारभार कोण पाहतें, एवढेंच आम्ही विचारूं. त्याच पाड्यांवरचीं, त्याच चाळींतलीं मुलें मोठीं होऊन चिटणीस, शिक्षक व पंच झालीं असतील, तर दान फळलें. नवा चेंडू कोण देईल म्हणून तीं अजून रस्त्याकडे डोळे लावून बसलीं असतील, तर दात्यानें आपलें दान पुन्हा एकदां तपासून पाहावें.